साइटवर सुट्टीतले विद्यार्थी: भरतीपासून हिशेबापर्यंत

होळी झाली की पुण्यातल्या साइटवरची माणसं पातळ व्हायला लागतात. बिहार, झारखंड, बंगालकडचे गट होळीला गावी जातात आणि त्यातले बरेच लग्नसराई उरकूनच परततात. मराठवाड्यातली जोडपी मृगाच्या आधी पेरणीला निघतात. आणि नेमक्या याच दिवसांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचं प्लास्टर, ड्रेनेजच्या लाइनी, कंपाउंड हे सगळं पावसाआधी हातावेगळं करायचं असतं. जून लागला की महापालिका रस्ताखोदाई थांबवते आणि बाहेरच्या परांचीवर माणूस चढवणं जोखमीचं होतं. त्याच सुमारास शहरभर कॉलेजची पोरं परीक्षा संपवून मोकळी होतात. त्यांना साइटवर आणायची, शिकवायची आणि नीट हिशेब करून परत पाठवायची जी पद्धत आमच्याकडे बसली आहे, ती लहान-मध्यम कंत्राटदारांसाठी इथे लिहितो आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट. विद्यार्थी बिगाऱ्याच्या जागी उभा करायचा नाही. वारजे किंवा डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावरून येणारा माणूस पन्नास किलोची गोणी दिवसभर वाहतो, कारण त्याचं अंग त्या कामात मुरलेलं असतं. हॉस्टेलमधला मुलगा दोन दिवस वाहील, तिसऱ्या दिवशी त्याचा फोन लागणार नाही. शिवाय मजुराचं काम करून घेतलं की किमान वेतन मजुराचंच द्यावं लागतं, मग त्याला ‘स्टायपेंड’ म्हणा नाहीतर आणखी काही. म्हणजे पैसेही वाचत नाहीत आणि कामही होत नाही.

विद्यार्थ्याकडे दुसरं भांडवल असतं. त्याला वाचता येतं, मोजता येतं, लिहिता येतं आणि तो दर अर्ध्या तासाला कंटाळून तंबाखू मळायला जात नाही (फोन बघतो, ते पुढे येईलच). साइटवरचा पैसा गळतो तो बहुतेक मोजणीत: कमी भरलेली खडीची गाडी, न मोजता घेतलेली सळई, तारीख न टाकलेले क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायला भरलेले ठोकळे), कोणी मारलं नाही असं क्युरिंग (काँक्रीट पाण्यानं ओलं ठेवणं). मुकादमाला ही कामं येत नाहीत असं नाही, त्याला वेळ नसतो. म्हणून आम्ही दर मुकादमामागे एकच विद्यार्थी देतो आणि त्याला मोजणी, नोंद आणि तपासणी एवढीच कामं देतो. दोन दिले की ते एकमेकांशीच बोलत बसतात.

केव्हा आणि कुठून

खरी खिडकी मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या शेवटापर्यंतची. तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेच्या परीक्षा साधारण मे महिन्यात आटोपतात. विद्यापीठाच्या परीक्षा शाखेनुसार मागेपुढे होतात. त्यामुळे पॉलिटेक्निकची आणि इंजिनियरिंगची मुलं एकाच दिवशी रुजू होतील हे गृहीत धरू नये, दोन तुकड्या धराव्यात. दिवाळीची सुट्टी लहान असते, पण उपयोगी. छठपूजा दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, त्यामुळे बिहारचे लोक लवकर परतत नाहीत आणि त्या दिवसांत साइटवर निदान मोजणीला तरी माणूस लागतोच.

शोधायला सुरुवात मार्चमध्ये करावी. कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाला पत्र द्यावं आणि पत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: साइटचा पत्ता, कामाचे तास, रोज किती रुपये आणि कोणतं काम. ‘आकर्षक मानधन’ असं लिहिलेल्या पत्राकडे मुलं बघतही नाहीत. सरकारी पॉलिटेक्निक, औंधची आयटीआय आणि आसपासच्या खाजगी पॉलिटेक्निकांकडून पदविकेची मुलं मिळतात, पण फक्त सिव्हिलच्या मागे लागू नये. विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत काम केलेली कला-वाणिज्य शाखेची मुलंमुली नोंदवहीच्या कामात अनेकदा सिव्हिलवाल्यांपेक्षा चोख असतात. वेळेवर येण्याची आणि हजेरी देण्याची सवय त्यांना आधीच लागलेली असते.

अंतर बघावं. कात्रजला राहणारा मुलगा वाघोलीच्या साइटवर पहिला आठवडा उत्साहात येतो, दुसऱ्या आठवड्यात दोन बस बदलून सकाळी सातला पोचणं त्याच्याच्यानं होत नाही. एका बसमध्ये किंवा वनाज–रामवाडीसारख्या एका मेट्रो लाइनवर बसेल अशीच जोडी लावावी. आणि मुलाखतीत न चुकता विचारावं: सुट्टीत हॉस्टेल चालू राहणार का? मेस चालू राहणार का? मे महिन्यात दोन्ही बंद होतात, हे मुलालाही तेव्हाच आठवतं. राहण्याची सोय नसलेल्या मुलाला लेबर कॅम्पमध्ये ठेवू नये. त्याच्या ओळखीच्या कोणाच्या तरी खोलीवर सोय झाली तर ठीक, नाहीतर तो उमेदवार सोडून द्यावा.

वय आणि कागद

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. पदविका दहावीनंतर असते. म्हणजे पहिल्या वर्षाचा मुलगा सोळाचा, दुसऱ्या वर्षाचा सतराचा. मिशी फुटलेली, उंची सहा फूट, कॉलेजचं इंटर्नशिपचं पत्र हातात, आणि वय सतरा वर्षं चार महिने. धोकादायक कामावर १४ ते १८ वयाच्या मुलांना कायद्यानं मनाई आहे आणि बांधकाम कामगार म्हणून कल्याणकारी मंडळाकडे नोंदही १८ ते ६० याच वयोगटाची होते. आमचा नियम साधा आहे: अठरा पूर्ण नसेल तर साइटच्या गेटच्या आत नाही. कॉलेजला तो आठवडे भरून हवाच असेल तर ऑफिसमध्ये बसून ड्रॉइंग वाचणं आणि बिलांचं मोजमाप तपासणं एवढंच. वय आधारवर न बघता शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बघावं.

बाकी कागद: कॉलेजचं बोनाफाईड, ओळखपत्र, आधार, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर. हा नंबर मुलानं सांगितला म्हणून लिहून घेऊ नये, त्याच्यासमोर लावून बघावा. ‘नमस्कार काका, तुमचा मुलगा अमुक ठिकाणी कामाला येतोय’ एवढं सांगितलं तरी पुरतं. निम्म्या घरांना माहितीच नसतं.

नियुक्तीपत्र प्रत्येकाला द्यावं, मग तो सहा आठवड्यांसाठी का असेना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि नियुक्तीपत्र हा आता मेहेरबानीचा विषय राहिलेला नाही. त्यात तारीख, काम, तास, रोज आणि वरिष्ठाचं नाव असावं. किमान वेतनातला विशेष भत्ता महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैला बदलतो, म्हणून मे महिन्यात रुजू झालेला मुलगा जुलैत राहिला तर दर पुन्हा तपासावा. विम्याची डब्ल्यूसी पॉलिसी (कामावर इजा झाली तर भरपाई देणारी) माणसांची संख्या आणि पगार जाहीर करून घेतलेली असते. मस्टरवर (हजेरीपटावर) नाव नसलेला मुलगा पडला तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो. त्यामुळे मुलं रुजू व्हायच्या आधी विमा एजंटला संख्या वाढवून कळवावी. ईएसआय (राज्य कामगार विमा) लागू असलेल्या ठिकाणी तोही अर्ज त्याच दिवशी. अ‍ॅप्रेंटिस कायद्याखालची भरती हे वेगळं प्रकरण आहे, त्याची मुदत महिन्यांत मोजतात. सुट्टीतल्या मुलांना त्या खात्यात ढकलू नये.

निवडीसाठी मुलाखतीपेक्षा अर्ध्या तासाची परीक्षा बरी. टेप हातात द्यायची आणि खिडकीची रुंदी इंचात आणि मिलिमीटरमध्ये विचारायची. मग कागदावर एक प्रश्न: गाडीचा हौदा दहा फूट लांब, साडेसहा फूट रुंद, माल तीन फूट नऊ इंच उंच, घनफूट किती? दहापैकी सात जण ३ फूट ९ इंचांचे ३.९ करतात आणि २५३.५ उत्तर देतात. खरं ३.७५, आणि उत्तर २४३.७५. चुकलेल्याला बाद करायचं नाही. चूक दाखवल्यावर दुसरं गणित देऊन बघायचं. दुसऱ्यांदा तीच चूक करणारा आणि ‘कॅल्क्युलेटरनं असंच दिलं’ म्हणणारा नको.

पहिले तीन दिवस

प्रशिक्षण तीन दिवसांचं आणि सगळं साइटवरच. ऑफिसमध्ये स्लाइड दाखवून सुरक्षा शिकवली तर मुलं माना डोलावतात आणि विसरतात.

पहिल्या सकाळी आधी अंगावरचं. हेल्मेट, स्टीलची टोप असलेले बूट, हातमोजे, रिफ्लेक्टर जाकीट. बुटांचे नंबर आधी मागवून ठेवावेत, कारण एक नंबर मोठा बूट घातलेला मुलगा जिन्यावर अडखळतो आणि दुपारी तो काढून चपलेत फिरतो. काँक्रीटच्या दिवशी गमबूट वेगळे. ओलं सिमेंट त्वचा जाळतं, हे मुलांना खोटं वाटतं, कारण जळजळ लगेच होत नाही, काही तासांनी होते. बुटात स्लरी गेली तर तिथल्या तिथे बूट-मोजे काढून भरपूर साध्या पाण्यानं धुवायचं, काम संपेपर्यंत थांबायचं नाही. या कशाचेही पैसे पगारातून कापायचे नाहीत.

मग साइटची फेरी. नवा माणूस परांचीवरून पडत नाही, कारण तिथे तो घाबरलेला असतो. तो पडतो डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) आणि लिफ्टच्या खड्ड्यात. टेपचं टोक धरून मागे मागे चालताना, किंवा फोनवर फोटो घ्यायला दोन पावलं मागे सरकताना. म्हणून पहिला नियम: मोजताना मागे चालायचं नाही, टोक दुसऱ्यानं धरायचं आणि आपण पुढे तोंड करून चालायचं. दुसरा नियम प्लायवूडचा. स्लॅबवर पडलेला प्लायचा तुकडा उचलायचा नाही आणि त्यावर पायही द्यायचा नाही, त्याखाली भोक असू शकतं. हे झाकण खिळ्यानं ठोकलेलं आणि वर लाल रंगात फुली मारलेलं असायला हवं. नसेल तर मुलाला त्या मजल्यावर सोडायचंच नाही. दोन मीटरच्या वरच्या परांचीवर विद्यार्थी चढत नाही. मुकादम ‘चल रे वर, बघून घे’ म्हणाला तरीही नाही. कटर मशीन, माल वर चढवणारा हॉइस्ट आणि विजेचं बोर्ड या तिन्हींना हात लावायचा नाही. बोर्डवर ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारं बटण) आहे का आणि त्याचं टेस्ट बटण चालतं का, हे इलेक्ट्रिशियन दाबून दाखवेल ते बघायचं.

जेवायला आणि सावलीला बसायची जागा दाखवताना एक ठिकाण मुद्दाम वर्ज्य करावं: कंपाउंडची भिंत. जून २०१९ च्या शेवटी कोंढव्यात पावसात सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. भिंतीपलीकडे खोदाई किंवा भराव असेल तर पहिल्या पावसानंतर तिच्या बाजूला उभंही राहायचं नाही. मुलांना मात्र सावली तिथेच सापडते.

दुसरा दिवस मापाचा, आणि यातच खरा वेळ घालवावा. आधी टेप. टेपचा हूक थोडा हलतो तो बिघाड नसतो, हुकाची जाडी सांभाळायला तो तसाच असतो. हूक मोडलेल्या टेपनं मोजताना दहा सेंटिमीटरच्या रेघेपासून सुरू करतात आणि शेवटी दहा वजा करायचे विसरतात. अशी टेप मुलाच्या हातात देऊच नये. मग सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. कॉलेजात सगळं मिलिमीटरमध्ये शिकलेलं असतं आणि फिटर सांगतो, ‘चार सुताचे शंभर नग काढ.’ तेव्हा गोंधळ होतो. अडीच सूत म्हणजे ८ मिमी, तीन म्हणजे १०, चार म्हणजे १२, पाच म्हणजे १६, सहा म्हणजे २०. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला लावावं.

सळईचं वजन व्यासाच्या वर्गाला १६२ नं भागून मीटरमागे किलोत मिळतं. १२ मिमीची सळई मीटरला ०.८९ किलोच्या आसपास, बारा मीटरचा नग १०.६७ किलो, शंभर नग १,०६७ किलो. भारतीय मानकाप्रमाणे १२ मिमीला पाच टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे साधारण १,०१३ ते १,१२० च्या आत काट्याची पावती असायला हवी. ८ आणि १० मिमीला सात टक्के, २० मिमीला तीन. आता मोजणीतली मेख: गाडीत बसवायला सळई मधून वाकवून आणतात. मुलगा गाडीच्या मागे उभा राहून टोकं मोजतो आणि प्रत्येक नगाची दोन टोकं मोजली जातात. दोनशे टोकं, शंभर नग. वाकवलेल्या भाऱ्याला पाठीमागच्या वळणाकडून मोजायचं, टोकांकडून नाही. आणि पाच-पाचच्या गटावर खडूची रेघ मारत जायचं, बोटानं हवेत मोजायचं नाही.

खडी आणि क्रश सँडची (दगड चुरून केलेल्या वाळूची) गाडी ही परीक्षेची वेळ. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. दोन ब्रासच्या चलनावर आलेली गाडी अशी मोजायची: हौद्याची आतली लांबी आणि रुंदी टेपनं घ्यायची. बाहेरून घेतली तर पत्र्याची जाडी आणि पट्ट्यांच्या घड्या मापात शिरतात. मग माल फावड्यानं सपाट करायला लावायचा, कारण मधे ढीग आणि कोपऱ्यात खड्डा हा नेहमीचा प्रकार आहे. त्यानंतर सळईचा तुकडा तळाला टेकेपर्यंत पाच ठिकाणी खुपसायचा, चार कोपऱ्यांत आणि मधोमध, आणि सरासरी काढायची. दहा बाय साडेसहाच्या हौद्यात तीन फूट एक इंच भरला तर दोन ब्रास पुरे होतात. सरासरी दोन फूट नऊ इंच आली तर १७८.७५ घनफूट, म्हणजे पावणेदोनच्या जरा वर. ड्रायव्हरला घाई असते.

‘काय साहेब, रोजचीच गाडी आहे, सही करा की.’

‘मामा, मधलं माप राहिलंय. दोन मिनिटं थांबा.’

एवढंच बोलायला शिकवायचं. भांडायचं नाही, माप जास्त-कमी आहे असं तोंडानं म्हणायचं नाही. चलनावर आपलं माप लिहायचं, त्याखाली ड्रायव्हरची सही घ्यायची आणि गाडी रिकामी होण्याआधी इंजिनियरला फोटो पाठवायचा. एकदा गाडी खाली झाली की माप कोणाच्या बापाचंही नाही.

वॉश सँड (धुतलेली वाळू) ओली येते तेव्हा आणखी एक पायरी. ओलसर बारीक वाळू फुगते, पाचेक टक्के ओलाव्याला तर वीस-तीस टक्क्यांपर्यंत. काचेच्या सरळ बरणीत ओली वाळू वीस सेंटिमीटर भरायची, वरून पाणी ओतून ढवळायची आणि बसू द्यायची. पातळी सोळावर आली तर फुगवटा पंचवीस टक्के. हातानं माल कालवताना फर्म्यानं (मापाच्या पेटीनं) मोजलेली वाळू तेवढीच जास्त घ्यावी लागते, नाहीतर मसाल्यात सिमेंट जास्त जातं आणि प्लास्टरला तडे दिसतात. सिमेंटच्या एका गोणीला सव्वा घनफूट धरतात, फर्माही त्याच मापाचा ठेवावा. घमेल्यानं मोजलेलं प्रमाण प्रत्येक बाईच्या हाताप्रमाणे बदलतं.

तिसऱ्या दिवशी काँक्रीट. स्लॅबची तारीख बघूनच प्रशिक्षणाचा आठवडा ठरवला तर उत्तम. आरएमसीची (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटची) गाडी आली की मुलानं चलनावर ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीची प्रत), घनमीटर आणि भरल्याची वेळ बघायची. भरल्यापासून दोन तासांच्या आत माल उतरायला हवा. गर्दीच्या वेळेची जड वाहनांची बंदी आणि चौकातला जॅम धरला तर पुण्यात हे दोन तास बघता बघता सरतात. गाडी उशिरा आली की माल घट्ट झालेला असतो आणि मग प्रश्न येतो, ‘थोडं पाणी मारू का?’ उत्तर एकच: नाही, साहेबांना विचारतो. पाण्यानं काँक्रीट सैल होतं आणि ताकद जाते. किती गेली ते अठ्ठावीस दिवसांनी कळतं, तोवर वर दुसरा स्लॅब पडलेला असतो.

क्यूबचं काम पूर्ण विद्यार्थ्याचं. १५० मिमीचे साचे, बोल्ट घट्ट, आतून तेलाचा पातळ हात. माल तीन थरांत भरायचा, १५० मिमीच्या क्यूबला प्रत्येक थराला १६ मिमीच्या गजानं ३५ ठोके, मग वरून थापीनं सपाट. किती नमुने घ्यायचे ते मानकात ठरलेलं आहे: ५ घनमीटरपर्यंत एक, १५ पर्यंत दोन, ३० पर्यंत तीन, ५० पर्यंत चार, पुढे दर पन्नासला एकेक. नमुन्याला तीन क्यूब. चाळीस घनमीटरचा स्लॅब असेल तर अठ्ठावीस दिवसांसाठी बारा, सात दिवसांचे वेगळे. चुका कुठे होतात? साचे उन्हात ठेवले जातात, आणि ओला मार्कर टाकीत धुऊन जातो. म्हणून साचे सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे, दुसऱ्या दिवशी उघडायचे आणि टाकीत सोडण्याआधी ऑइल पेंटनं तारीख, ग्रेड आणि जागा लिहायची. एका गाडीतून सगळे क्यूब भरणं ही मुलांची आवडती पळवाट आहे. वहीत प्रत्येक नमुन्यापुढे गाडीचा नंबर लिहायला लावला की ती बंद होते.

ओतण्याआधीची तपासणीही त्याच दिवशी दाखवून द्यावी: कव्हर ब्लॉक (सळई साच्याला टेकू न देणारे ठोकळे) स्लॅबला २०, बीमला २५, कॉलमला ४०, फाउंडेशनला ५० मिमी. मुलगा सळईवरून चालत मोजत जातो, आणि त्याच्याच वजनानं वरची जाळी खाली बसते. चालायला फळ्या टाकून घ्याव्यात.

मुकादम, ऊन आणि खाडे

तीन दिवसांनंतर मुलगा मुकादमाकडे सोपवायचा. त्याआधी मुकादमाला बसवून समजावून सांगावं की हा पोरगा तुमच्यावर पाळत ठेवायला नाही. हे न सांगितलं तर तो त्याला चहा आणायला पाठवतो, आणि ते बरोबरच आहे. विद्यार्थ्यानं मुकादमाला नावानं हाक मारायची नाही. दादा, मामा, जे वय असेल ते. मुकादमानं त्याला ‘इंजिनियर’ म्हणून चिडवलं तर हसून घ्यायचं. चूक दिसली तर गड्यांसमोर बोलायची नाही. मुकादमाला बाजूला घेऊन सांगायची, आणि तरी नाही झालं तर आमच्याकडे. वर्षानुवर्षं ओळंबा धरणाऱ्या गवंड्याला दुसऱ्या वर्षाच्या मुलानं भिंत वाकडी आहे म्हणून सुनावलं की तो गवंडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साइटवर असतो.

रोजची कामं मग चाकोरीत येतात. सकाळी हजेरी, माल, ब्लॉकचे नग. सिपोरेक्सचा (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा) सहाशे-दोनशे-दीडशे मिमीचा ब्लॉक कोरडा अकरा-बारा किलोचा, ओला बराच जड, तेव्हा नग मोजायचे, हलवायचे नाहीत. क्युरिंगची वही: काँक्रीटला किमान सात दिवस, फ्लायअ‍ॅश असलेल्याला दहा, आणि उन्हाळ्यात जास्तच. गुरुवारी महापालिकेचं पाणी दुरुस्तीसाठी बंद राहण्याचा प्रकार पुण्यात नवा नाही, म्हणून बुधवारी संध्याकाळी टाक्या भरल्या का हे बघणं विद्यार्थ्याच्याच वहीत. गच्चीवर कोब्याचा उतार शंभराला एक तरी हवा, म्हणजे पाच मीटरला पन्नास मिलिमीटर. तो पाण्याच्या नळीनं काढता येतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर लेव्हल खोटी येते, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतंय का बघायचं. नंतर पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या छताचा फोटो रोज त्याच जागेवरून घ्यायचा.

सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटला खालून आधार देणारा साचा आणि टेकू) खोलण्याच्या तारखा विद्यार्थ्याच्या वहीत असाव्यात, पण निर्णय त्याचा नाही. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्यावरच्याला चौदा. बीम सहा मीटरपर्यंत चौदा, पुढे एकवीस. सेंट्रिंगच्या ठेकेदाराला प्लेटा दुसरीकडे न्यायच्या असतात, तो मुलालाच विचारतो, ‘झाले ना रे दिवस?’ मुलानं तारीख सांगायची, होकार द्यायचा नाही.

मे महिन्यात चाळिशी गाठणाऱ्या उन्हात कामाचे तास सकाळी सात ते बारा आणि साडेतीन ते साडेसहा. मुलं रात्री जागतात आणि उपाशी येतात, चक्कर येण्याचं कारण नुसतं ऊन नसतं. नऊ वाजता मस्टर फिरवताना ‘नाष्टा झाला का’ हा रकाना आमच्याकडे खरंच आहे. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं अर्धं दोघांत नाही. डोकेदुखी, मळमळ आणि बोलण्यात गोंधळ दिसला तर सावली, ओलं कापड, आणि लगेच दवाखाना. मुली असतील तर स्वच्छ, आतून कडी लागणारं आणि पाणी असलेलं शौचालय पहिल्या दिवसापासून हवं. ते नसेल तर त्या पाणीच पीत नाहीत, आणि मग उन्हाचा त्रास त्यांना सगळ्यात आधी होतो.

फोन काढून घेऊ नका. फोटो, चलन, मेसेज सगळं त्यावरच चालतं. फक्त चालताना फोन खिशात, थांबून वापर, हा नियम मुकादमालाही लावा, तरच टिकतो.

गळती दोनदा होते. चौथ्या-पाचव्या दिवशी, ऊन लागल्यावर, आणि पहिल्या पगारानंतर. पहिली थांबवता येत नाही, म्हणून लागतात त्यापेक्षा एक-दोन जास्त घ्यावेत. दुसरी पगाराच्या पद्धतीनं थांबते. महिन्यानं एकदम पैसे दिले की मुलगा गावी जातो आणि येत नाही. दर शनिवारी बँकेत जमा केले की टिकतो. रोख खर्ची आणि उचल विद्यार्थ्यांना देऊच नये; मुकादमाकडून उसने घेतलेले दोनशे रुपये पुढे वादाचं कारण होतात. जादा तास शक्यतो नको, आणि स्लॅबच्या रात्री थांबवलाच तर जादा तासांचा दर दुप्पट, परत जायची सोय आपली.

जाताना

काम सोडणाऱ्याचा पूर्ण हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो, वेतन संहितेतच तसं आहे. हेल्मेट आणि जाकीट परत घ्यायचं. बूट त्यालाच राहू द्यावेत, दुसऱ्याच्या पायाला ते बसत नाहीत. कॉलेजच्या डायरीवर दर शनिवारी सही करायची. शेवटच्या दिवशी मागच्या सगळ्या तारखांच्या सह्या मागायला मुलं येतात, त्या द्यायच्या नाहीत. दाखल्यात ‘साइट इंजिनियर म्हणून काम केले’ असं लिहू नये. अमुक ते अमुक तारीख, माल मोजणी, क्यूब नोंद, क्युरिंग तपासणी, एवढंच लिहावं. पुढे जिथे तो नोकरीला जाईल तिथला माणूस या तीन शब्दांवरूनच प्रश्न विचारतो आणि मुलगा उत्तर देऊ शकतो.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट क्यूबची. २० जूनला भरलेला क्यूब १८ जुलैला फोडायचा असतो आणि तोवर मुलगा वर्गात बसलेला असतो. म्हणून शेवटच्या शनिवारी त्यानं पुढच्या सगळ्या तारखांची यादी, टाकीतल्या क्यूबवरचे नंबर ताडून, मुकादम आणि इंजिनियर या दोघांच्या हातात द्यायची आणि दोघांची सही घ्यायची. ही सही झाल्याशिवाय दाखला छापायला जात नाही.